धनलक्ष्मीचं काजळ

वासरांत लंगडी गाय शहाणी, असं लोक म्हणतात. त्या लंगडीचा वासरांना केवढा जाच असतो, ते मात्र कुणी सांगत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या अंध मुलींच्या शाळेत, वसतिगृहाच्या लांबोड्या खोलीत एकोणीस खाटा होत्या. अठरा खाटांवरच्या मुलींना काहीच दिसत नव्हतं. दाराजवळच्या एकोणिसाव्या खाटेवर धनलक्ष्मी होती, आणि तिला उजव्या डोळ्यानं दिसायचं. फार नाही. वेणीची रिबीन सुटलीय, आमटीत माशी पडलीय, दारात आलेला बाप कुणाचा आहे, एवढंच. पण राज्य करायला एवढं पुष्कळ झालं. तिचं वय चौदा, आणि सोळा वर्षांची पायलसुद्धा तिला अक्का म्हणायची.

राज्य आलं की कर आला. कपाटातून आपला ड्रेस काढून हवा असेल तर घरून आलेल्या डब्यातली अर्धी कडक भाकरी. ओढणीचा रंग जुळवून हवा असेल तर शेंगाचटणीसकट अर्धी. फोटो सांगायचा तर शेंगापोळी, आणि ती मात्र अख्खी. घासाघीस चालत नसे. कर चुकवणारीला शिक्षाही ठरलेली होती. जेवणाची घंटा झाली की मुलींची रांग लागे, प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर आणि सगळ्यांच्या पुढं अक्का. जिच्यावर अक्काची खप्पा मर्जी, तिला रांगेत जागा नाही. "हात काढ," एवढंच अक्का म्हणायची. मग ती पोर भिंतीला हात घासत, खांबांना धडकत मागून यायची, तोवर डाळ संपून पातेल्यात नुसतं पाणी उरलेलं. आठ वर्षांची गौरम्मा एकदा अशी तीन दिवस भिंतीभिंतीनं जेवायला आली. तिचा गुन्हा काय, तर अक्काच्या अर्ध्या भाकरीचा कडेचा तुकडा तिनं मोडून खाल्ला होता.

शिवाय धनलक्ष्मीच्या डोळ्यांत काजळ असायचं. तिची अव्वा, म्हणजे आई, एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळ पाडायची, त्यात चिमूटभर कापूर खलायची आणि पितळी डबीत भरून द्यायची. खोलीत काजळ घालणारी ती एकटीच. पायलनं एकदा भीतभीत बोटभर मागितलं, तर ही म्हणाली, "तुला कशाला गं? बंद दुकानाला कोन तोरन बांधतंय का?" सगळ्या हसल्या. पायलही हसली, कारण अक्कानं विनोद केला की हसायचं असतं.

आता आतली गोष्ट सांगतो. धनलक्ष्मीचा तो एकुलता डोळा मिटत चालला होता. दोन वर्षांमागं तिला अख्खं ताट दिसायचं. आता भाकरी दिसली तर चटणी दिसत नव्हती, मान वळवून शोधावी लागायची. दिवस मावळला की तेवढंही नाही. दिवाळीच्या सुट्टीत अप्पानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डोळ्यामागचा पडदा वाळत चाललाय, त्याला औषध नाही, फार तर वर्ष-दीड वर्ष, असं डॉक्टरांनी तिच्या देखतच सांगितलं. शाळेला द्यायला मराठीत छापलेलं पत्रही दिलं. पत्रात लिहिलं होतं की हिला आतापासूनच ब्रेल आणि काठी शिकवा.

ब्रेल! धनलक्ष्मी त्याला जन्मभर "ठिपके टोचनं" म्हणत आली होती. थोडं दिसतं म्हणून तिला ब्रेलमधून सूट होती, आणि ती सूट ती दागिन्यासारखी मिरवायची. तिनं ते पत्र ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि वर कुलूप लावलं. वर्गावरच्या वैजयंती मॅडमनी विचारलं, "काय म्हणाले गं डॉक्टर?" तर म्हणाली, "हाय तसंच हाय म्हनले."

त्या संध्याकाळी ती आपल्या खाटेवर बसून पोटभर रडली. आंधळ्यांत रडायचं म्हणजे फक्त आवाज सांभाळायचा, बाकी रान मोकळं. नाक ओढायचं नाही, हुंदका घशातच गिळायचा, मग अठरा जणींच्या मधोमध बसून खुशाल रडा. शेजारी रत्नम्मा बसली होती, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. ती म्हणाली, "अक्का, पोळी आनलीया. फोटू सांग की."

ही रत्नम्मा बारा वर्षांची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यातली, जन्मापासून आंधळी. घरचं माणूस वर्षातून एकदा आलं तर आलं. तिच्याजवळ प्लास्टिकच्या पाकिटात घरचा एक फोटो होता, आणि दर रविवारी ती तो अक्काकडून ऐकायची. त्यासाठीची पोळी ती दुसऱ्या मुलींचे कपडे धुऊन मिळवायची. धनलक्ष्मीनं त्या दिवशी डोळ्यांतून धारा लागलेल्या असतानाच सांगितलं, "मदी तू हायस. हिरवा झंपर हाय तुज्या अंगात. तुजी अव्वा तुज्या डोस्क्यावर हात ठिवून हुबी हाय. अप्पा हसायलाय."

फोटोत रत्नम्मा नव्हती. तिचे आईबाप होते, धाकटा भाऊ होता आणि मागं नवा ट्रॅक्टर होता. धनलक्ष्मी खोटं बोलली ती पोळीसाठी, यात शंका नाही. पण डोक्यावरचा तो हात पोळीच्या दरात बसत नव्हता, तो तिनं पदरचा घातला होता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डिसेंबरात शाळेत टॅब आले. पुण्याच्या कुठल्याशा मंडळानं दिले होते, पाच टॅब, आणि त्यांतला एक वसतिगृहाच्या खोलीसाठी. वैजयंती मॅडम शहराच्या जुळे सोलापूर भागातून स्कूटीवर यायच्या, त्या आठवडाभर संध्याकाळी थांबून शिकवत राहिल्या. टॅबच्या पाठीवरचा कॅमेरा कशावर धरला की टॅबमधली बाई मराठीत बोलायची. छापलेलं वाचून दाखवायची, कपड्याचा रंग सांगायची, समोर कोण उभं आहे, हसतंय का रडतंय, तेही सांगायची. पोरींनी तिचं नाव टॅबकाकू ठेवलं. मुली पडदा पार काळा ठेवून नुसत्या बोटांनी आणि कानांनी टॅब चालवायच्या, त्यामुळं बॅटरी दोन-दोन दिवस पुरायची. सगळ्यांत लवकर शिकली रत्नम्मा. ब्रेलवर घासून तिची बोटं तयार होती, तिनं चार दिवसांत टॅबकाकूला घोळात घेतलं.

मॅडम धनलक्ष्मीला म्हणाल्या, "तुझ्यासाठी यात अक्षरं मोठी करायची सोय आहे बघ." तिनं करून बघितलं. अक्षरं वांग्याएवढी झाली तरी तिला एका वेळी एकच दिसायचं, आणि दुसऱ्यावर जाईतो पहिलं विसरायला व्हायचं. तिनं टॅब मॅडमच्या हातात परत दिला. "मला कशाला मॅडम? मला दिसतंय की," म्हणाली.

रविवारी रत्नम्मा पोळी घेऊन आलीच नाही. ती आपल्या खाटेवर बसली, पाकिटातून फोटो काढला आणि टॅब वर धरला.

"तीन व्यक्ती," टॅबकाकू म्हणाली. "एक पुरुष, एक स्त्री आणि एक लहान मुलगा. मागे लाल ट्रॅक्टर."

रत्नम्मानं फोटो फिरवून धरला. टॅबकाकूनं तेच सांगितलं. तिनं टॅब लांब नेला, जवळ आणला, फोटो ओढणीनं पुसला. तीन व्यक्ती.

"अक्का," रत्नम्मानं विचारलं, "मी कुटं हाय?"

"ते मशीन हाय," धनलक्ष्मी म्हणाली. "मशीनला काय कळतंय?"

"ट्रॅक्टर कळतंय की."

धनलक्ष्मीला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर राग आला. जी गोष्ट तिनं दीड वर्ष जपून, दर आठवड्याला नवी करून सांगितली, ती त्या टॅबकाकूनं फुकटात मोडून टाकली होती. रत्नम्मानं फोटो पाकिटात घातला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली, जेवायला उठली नाही.

त्यानंतर अक्काचं राज्य धुपायला वेळ लागला नाही. ड्रेस टॅबकाकू शोधून द्यायची. ओढण्या ती जुळवायची. मुली आपापली भाकरी अख्खी खाऊ लागल्या, आणि चटणीचा वास नाकाशी आला तरी धनलक्ष्मीच्या ताटात स्वयंपाकाच्या चंद्रव्वा मौशीनं वाढलेल्या आमटीभाताखेरीज काही पडेना. एकच गोष्ट उरली होती. टॅबकाकूला पाय नव्हते, म्हणून जेवणाच्या रांगेत पुढं अजून अक्काच होती. रात्री मात्र दिवे लागल्याशिवाय ती रांग हलू देत नसे. तेही गेलं की ती कोण? एकोणिसावी आंधळी, आणि तीही ब्रेल न येणारी.

जानेवारीत टॅब देणारे पाहुणे बघायला येणार होते. रत्नम्मानं स्टेजवर टॅब चालवून दाखवायचं ठरलं. मुली तिचे केस विंचरून देत होत्या, मॅडम तिकडं ऑफिसात हार शोधत होत्या, आणि टॅब खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. धनलक्ष्मी सहज गेल्यासारखी खिडकीपाशी गेली. पितळी डबीतलं काजळ तिनं करंगळीवर घेतलं आणि टॅबच्या पाठीवरच्या काचेच्या ठिपक्याला नीट, बाळाच्या डोळ्यात घालावं तसं, घातलं. करंगळी परकराला पुसली. अठरा जणी खोलीत होत्या, पण बघणारं कोण होतं? दिसणाऱ्याला एवढाच विचार सुचतो.

कार्यक्रमात पाहुण्यांनी आपल्या खांद्यावरची शाल पुढं केली. "सांग बेटा, रंग कोणता?"

रत्नम्मानं टॅब धरला. "काळा," टॅबकाकू म्हणाली.

खुर्च्यांवर कुजबुज झाली. पाहुण्यांनी हिरवी फाईल धरली. काळा. त्यांच्या बायकोनं साडीचा लाल पदर धरला. काळा. मागच्या रांगेतल्या कुणीतरी, अगदी ऐकू जाईल अशा बेतानं, "अहो, हिला सगळं काळंच असणार," म्हटलं, आणि चांगली चांगली माणसं खुदकन हसली. रत्नम्माचे कान लाल झाले. मॅडम घाईनं म्हणाल्या, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे सर."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून धनलक्ष्मी ओरडली, "शाल पिवळी हाय! फायल हिरवी, साडी लाल!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तिला वर बोलावलं, तीच पिवळी शाल तिच्या अंगावर घातली, फोटो काढला. धनलक्ष्मी स्वर्गात होती. खाली उतरताना तिला समोरच्या सगळ्या खुर्च्या दिसल्या, पण पायाखालची पायरी काही दिसली नाही. तिची चप्पल हवेत चाचपडली, दोनदा लाकडाला घासली, मग खाली टेकली. टाळ्या वाजवणाऱ्यांना काही कळलं नाही. पण चाचपडणाऱ्या पावलाचा आवाज अठरा मुली जन्मल्यापासून ओळखत होत्या, आणि त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

दुपारी मात्र कर पुन्हा सुरू झाला. गौरम्मानं अर्धी भाकरी आणून दिली. पायलनं चटणी दिली. टॅबकाकू खोटी निघाली, असं सगळ्या म्हणत होत्या. धनलक्ष्मी अंगावरची शाल न काढता खाटेवर बसून खात होती, आणि रत्नम्मा टॅब चार्जिंगला लावायला घेऊन गेली होती, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

दिवस मावळला. चंद्रव्वा मौशी स्वयंपाकात होती, खोलीतले दिवे ती रोज जेवणाच्या घंटेनंतर लावायची. त्याआधी ते कुणाला हवे होते? धनलक्ष्मीसमोर आता नुसता काळोख होता. रत्नम्मा येऊन शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"अक्का, पोळी आनलीया. फोटू सांग की. लई दिस झाले."

धनलक्ष्मीच्या हातात पोळी आली, मग प्लास्टिकचं पाकीट आलं. पाकिटातला कागद जरा जाड वाटत होता, घडीचा. दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या बोटांनी ते क्षणात ओळखलं असतं. पण बोटांनी ओळखायचं तिनं कधी शिकूनच घेतलं नव्हतं. तिनं पाकीट ऐटीत डोळ्यांसमोर धरलं.

"मदी तू हायस," ती म्हणाली. का कोण जाणे, तिला आज सगळ्यांत सुंदर सांगावंसं वाटलं. "हिरवा झंपर. केसात अबोली माळलीया. अव्वाचा हात तुज्या डोस्क्यावर हाय, आन् ती तुज्याकडं बगायलीया, फोटूवाल्याकडं न्हाय. तुज्याकडं."

रत्नम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टॅबकाकू स्टेजवर खोटी पडली तवा सगळी हसली. पन मी लई खूष झालते बग. म्हनलं, ही खोटी तर फोटूबी खोटा सांगितला आसंल. मी आसंन त्यात. तासभर व्हते मी त्यात." तिनं धनलक्ष्मीची करंगळी पकडली आणि नाकाशी नेली. "मग काच हाताला चिकट लागली. वास घेतला तर कापूर."

धनलक्ष्मीनं हात ओढला. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, आणि इतरांना नाक असतं हेच ती विसरली होती.

"तू मौशीला शाल दावाया गेलतीस, तवा सगळ्यांनी वास घितला," रत्नम्मा म्हणाली. "गौरम्मानं तर लांबूनच सांगितलं, अक्का म्हनून. मग तुजी ट्रंक उगडली. किल्ली उशीखालीच हाय की. डबी बगायला उगडली, खाली ह्यो कागद घावला."

अंधारात एकाएकी टॅबचा दिवा भक्कन लागला. धनलक्ष्मीला पांढऱ्या झोताखेरीज काही दिसेना. तिनं पाकीट छातीशी धरायच्या आत दोन-तीन हातांनी तिचं मनगट दाबून धरलं. कागद निघाला, घडी उलगडली. काच आता लख्ख पुसलेली होती.

टॅबकाकू वाचू लागली. तिला काय, ती बाजारभाव वाचावा तशी वाचत होती. "प्रति, मुख्याध्यापिका. कुमारी धनलक्ष्मी संगप्पा हिची दृष्टी वेगाने कमी होत आहे. यावर उपचार उपलब्ध नाही. येत्या वर्ष-दीड वर्षात तिला पूर्ण अंधत्व येईल. तिला आतापासूनच ब्रेल व काठीचे प्रशिक्षण द्यावे, ही विनंती."

धनलक्ष्मीला वाटलं, आता कुणीतरी अक्का म्हणेल. दोन-अडीच महिने हे ओझं तिनं एकटीनं वाहिलं होतं, आणि या खोलीत ते ज्यांना कळेल अशा अठरा जणी होत्या. एकीनं जरी पाठीवर हात ठेवला असता तरी तिनं सगळं कबूल केलं असतं. तिचे डोळे भरून आले. तिनं सवयीनं श्वास धरला, नाक ओढलं नाही, हुंदका गिळला.

रत्नम्मानं टॅब उचलून तिच्या तोंडासमोर धरला.

"एक मुलगी," टॅबकाकू म्हणाली. "वय अंदाजे चौदा वर्षे. अंगावर पिवळी शाल. मुलगी रडत आहे. गालांवर काळे डाग."

आधी पायल हसली. मग सगळी खोली हसली, खाटा वाजवून हसली, आणि गौरम्मा टाळ्या पिटत ओरडली, "परत! काकू, परत सांग!" रत्नम्मानं परत धरला. मुलगी रडत आहे. धनलक्ष्मीनं शालीत तोंड लपवलं, तर दोघींनी शाल खाली ओढली. तिसऱ्यांदा टॅबकाकूनं डाग आधी सांगितले.

"माजा फोटू मी फाडला न्हाय," हसणं थांबल्यावर रत्नम्मा म्हणाली. तिचा स्वर शांत होता, हसणाऱ्यांत ती नव्हतीच. "ठिवलाय. पन आता कुनी सांगायचा न्हाय मला. कळलं का, धने?"

जेवणाची घंटा झाली. मुली उठल्या, रांग लागली. पुढं रत्नम्मा उभी राहिली. खाटा किती, खांब किती, पायऱ्या किती, तिला सगळं पाठ होतं. धनलक्ष्मी काळोखात हात पुढं करून चालत आली. हाताला लहानसा खांदा लागला. रांगेच्या शेवटी गौरम्मा होती.

"हात काढ," गौरम्मा म्हणाली. अगदी तिच्याच आवाजात, तिच्याच ठेक्यात.

धनलक्ष्मीनं हात काढला. रांग चपला वाजवत निघून गेली. तिनं भिंत शोधली आणि भिंतीला हात घासत निघाली. पहिला खांब तिला कपाळावर लागला. चंद्रव्वा मौशीनं दिवे लावले तेव्हा ती दुसऱ्या खांबापाशी होती, आणि आत पातेलं खरवडल्याचा आवाज येत होता.